गावाच्या मधोमध कचेरी: टेक्सासची जुनी काउंटी कोर्टहाउसेस

चालता_बोलता (धागाकर्ता)

बाबा तालुक्याच्या कोर्टात होते. कारकून म्हणून लागले, नाझर म्हणून निवृत्त झाले. सध्या तीन महिन्यांसाठी आमच्याकडे डॅलसला आलेत. पहिल्या पंधरा दिवसांत आम्ही त्यांना जे जे दाखवायचं ते सगळं दाखवलं. दुसऱ्याच्या लग्नात रुखवत बघावं तसं त्यांनी ते बघितलं: छान आहे, पण आपला काय संबंध!

मग एका शुक्रवारी रजा टाकून त्यांना वॉक्साहॅचीला घेऊन गेलो. डॅलसच्या दक्षिणेला, अर्ध्या-पाऊण तासावर. एलिस काउंटीचं कोर्टहाउस. गावाच्या बरोबर मधोमध चौक, चौकात ही १८९७ची इमारत आणि चारही बाजूंनी तिच्याकडे तोंड करून बसलेली दुकानं. खाली गुलाबी ग्रॅनाइट, वर लाल वालुकाश्माचे पट्टे, गोल कमानी, बुटके जाड खांब, कोपऱ्याकोपऱ्यावर बुरूज आणि मध्ये घड्याळाचा मनोरा. बाबा गाडीतून उतरले, मान वर करून दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "दप्तर कुठं ठेवतात?"

तेव्हापासून आम्ही दोघं दर आठवड्याला एक कचेरी बघतोय. आतापर्यंत सात झाल्या. म्हणून हा धागा.

आधी काउंटी म्हणजे काय ते. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत, अमेरिकेत सर्वांत जास्त. २०२०च्या जनगणनेत ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत सत्तेचाळीस लाख माणसं, आणि पश्चिमेच्या लव्हिंग काउंटीत ६४. चौसष्ट हजार नव्हे, चौसष्ट. पण कचेरी तिथेही आहे. खटले, जमिनीचे दस्त, लग्नाचे परवाने, कर, निवडणुका, सगळं जुन्या काळी या एका इमारतीत चालायचं. आपलं कोर्ट, तहसील, सब-रजिस्ट्रार आणि जिल्हा परिषद एका छपराखाली घाला, झालं कोर्टहाउस. त्यातही गंमत अशी की काउंटीचा कारभार बघणाऱ्या मंडळाचं नाव 'कमिशनर्स कोर्ट'. ते रस्ते आणि अंदाजपत्रक बघतं. त्याचा अध्यक्ष 'काउंटी जज्ज', आणि त्याला कायद्याची पदवी लागत नाही. कायद्याची चांगली माहिती असावी, एवढीच अट. हे ऐकून बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

इमारती एवढ्या भारी का? १८८१मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने काउंट्यांना कोर्टहाउससाठी कर्जरोखे काढायची मुभा दिली. त्याच सुमाराला आगगाडी पोचत होती, कापसाचा पैसा येत होता, आणि प्रत्येक गावाला भीती होती की मुख्य ठाणं शेजारच्या गावात जाईल. ठाणं गेलं की वकील गेले, खाणावळी गेल्या, बाजार गेला. म्हणून दगडाची टोलेजंग कचेरी बांधायची. एवढा खर्च झाल्यावर कोण हलवतोय! तरीही हलवायचे. ब्लँको गावाने १८८६मध्ये सुंदर दगडी कोर्टहाउस बांधलं आणि चार वर्षांत, १८९०ला, मतदानात ठाणं जॉन्सन सिटीला गेलं. नवीकोरी कचेरी पोरकी झाली. पुढे तिने इस्पितळापासून काय काय होऊन दिवस काढले, पण आजही उभी आहे.

फोर्ट वर्थचा किस्सा मला सर्वांत आवडतो. टॅरंट काउंटीचं गुलाबी ग्रॅनाइटचं कोर्टहाउस, १८९५. काम अंदाजापेक्षा कमी पैशांत झालं, तरी लोकांना ती उधळपट्टी वाटली आणि १८९४च्या निवडणुकीत त्यांनी कमिशनर घरी बसवले. आज फोर्ट वर्थवाले पाहुण्यांना आधी तीच इमारत दाखवतात.

एलिस काउंटीचा वास्तुविशारद जेम्स रायली गॉर्डन. त्याच्याबद्दल सविस्तर लिहायचंय, पण बाबा चहाला हाका मारतायत. बाकी प्रतिसादांत.

मिरजेची_मी

मस्त धागा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. फोटो कुठायत?

वाचनमात्र

बाबांचा प्रश्न भारी. दप्तर कुठं ठेवतात मग?

चालता_बोलता

@वाचनमात्र, तोच तर मुद्दा आहे. जुन्या कचेऱ्यांचा सर्वांत मोठा शत्रू आग. लाकडी बांधकाम, शेगड्या, कंदील, आणि कधीकधी मुद्दाम लावलेली काडी. दस्तच जळले तर जमीन कोणाची, गुरं कोणाची, गुन्हा कोणावर, सगळं हवेत. इथे वंशावळी शोधणारे लोक अशा काउंट्यांना 'जळलेल्या काउंट्या' असंच म्हणतात. आजोबांचे आजोबा सापडत सापडत येतात आणि नेमके त्या कचेरीपाशी धागा तुटतो. म्हणून दगडी पिढीतल्या कोर्टहाउसांत दप्तरासाठी जाड भिंतींची, लोखंडी दारांची तिजोरीखोली असते.

एका ठिकाणी कारकून बाईंनी बाबांना ती खोली दाखवली. पोलादी घडवंच्यांवर मोठमोठ्या चामडी बांधणीच्या वह्या आडव्या, आणि प्रत्येकीखाली रूळ, म्हणजे वही ओढली की सुळकन बाहेर येते. बाबा त्यांना मराठी-इंग्रजीत 'रुमाल' समजावत होते, लाल कापडात बांधलेले गठ्ठे वगैरे. बाईंना किती कळलं कोण जाणे, पण दोघांनी मिळून वाळवीला शिव्या घातल्या.

खवट_खोबरे

एकशेतीस वर्षांची इमारत म्हणजे वारसा? आमच्या गल्लीतला पडका वाडा अडीचशे वर्षांचा आहे, त्यात रिक्षा लावतात. अमेरिकन लोकांना इतिहास कमी म्हणून कौतुक जास्त. शैली तरी स्वतःची आहे का? युरोपातून उचललेली.

चालता_बोलता

@खवट_खोबरे, उचललेली आहे, पण उचलून काय केलं ते बघा. आधीच्या पिढीत इथे फ्रेंच वळणाची, मॅन्सार्ड म्हणजे दुहेरी उताराच्या छपराची कोर्टहाउसं झाली. मग हेन्री हॉब्सन रिचर्डसन नावाच्या माणसाने मध्ययुगीन चर्चच्या गोल कमानी आणि खडबडीत दगड घेऊन स्वतःचीच एक रीत घडवली. पिट्सबर्गचं अ‍ॅलेगनी काउंटी कोर्टहाउस त्याचं. ते १८८८ला पूर्ण झालं, पण बघायला तो नव्हता; १८८६ला सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. तिथे कोर्टातून तुरुंगात जायला रस्त्यावरून दगडी पूल आहे. आरोपीला रस्त्यावर न आणता थेट कोठडीत.

गॉर्डनने ही रीत टेक्सासच्या उन्हात आणली, आणि त्याची खरी करामत नकाशात आहे. साधारण कोर्टहाउसला चार बाजूंना चार दारं, मध्ये बोळ. गॉर्डनने इमारत अधिकच्या चिन्हासारखी केली आणि दारं बाजूंना न ठेवता चार बाह्यांमधल्या खोबणीत, कोपऱ्यांत, सावलीतल्या ओसऱ्यांवर ठेवली. मधोमध जिन्याची उंच पोकळी, थेट मनोऱ्यापर्यंत. गरम हवा पोकळीतून वर निघून जाते आणि ओसऱ्यांवरची गार हवा आत ओढली जाते. वीज नाही, पंखे नाहीत, उन्हाळ्यात पारा चाळिशीला, आणि खच्चून भरलेलं कोर्ट. तुमच्या गल्लीतल्या वाड्याचा चौक हेच काम करतो, खवटराव. फक्त त्याने चौकावर घड्याळ बसवलं.

वॉक्साहॅची आणि डिकेटर (वाइज काउंटी, १८९६) ही त्याची जवळजवळ जुळी भावंडं. सॅन अँटोनियोचं बेक्सार (उच्चार 'बेअर', माझंही आधी हसं झालंय) काउंटीचं लाल कोर्टहाउसही त्याचंच. पुढे तो न्यू यॉर्कला गेला.

सद्या_शुगरलँड

आमची फोर्ट बेंड काउंटी विसरू नका. रिचमंडला १९०९चं घुमटवालं कोर्टहाउस आहे, खटले आता नव्या इमारतीत चालतात. आणि ह्यूस्टनला डाउनटाउनमध्ये हॅरिस काउंटीचं १९१०चं. त्याची कथा ऐका. आत मोठा गोल दिवाणखाना, वर रंगीत काचांचा घुमट. १९५०च्या दशकात कोणाच्या तरी डोक्यात आलं की ही मधली जागा फुकट जातेय. त्यांनी त्या पोकळीत मजले टाकून खोल्या काढल्या. पन्नासेक वर्षं लोक तिथे बसून कागदपत्रं करत होते आणि डोक्यावर घुमट आहे हे त्यांना ठाऊकच नाही. २०११ला ते मजले काढून पुन्हा मूळ रूपात आणलं. आता तिथे अपील कोर्टं बसतात.

चुनखडी

स्थापत्य अभियंता आहे, पुण्याकडच्या दोन-तीन वाड्यांच्या दुरुस्तीत काम केलंय, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही.

मजले टाकणं एक वेळ परवडतं, मजले काढता येतात. खरा घात करतं सिमेंट. या सगळ्या इमारतींचे दगड आणि विटा चुन्यात बांधलेल्या असतात. चुना मऊ असतो, श्वास घेतो. भिंतीत पाणी शिरतंच, ते दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, बाहेर पडतं. दरज झिजते. झिजावीच, तिचं कामच ते. वीस-तीस-पन्नास वर्षांनी पुन्हा चुन्याने भरायची. पण विसाव्या शतकात सगळीकडेच कंत्राटदारांनी सिमेंटने दरजा भरल्या, 'आता कायमचं काम झालं' म्हणून. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि त्यातून पाणी जात नाही. मग पाणी जातं कुठून? दगडातून. येताना क्षार घेऊन येतं आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. वालुकाश्म तर पापडासारखा. दरज शाबूत, दगड गायब! शनिवारवाड्याच्या आसपास फिरताना जुन्या भिंतींकडे नीट बघा, हीच गोष्ट दिसेल.

त्यामुळे दुरुस्तीत निम्मा वेळ आधीच्या दुरुस्त्या काढण्यात जातो. छिन्नी-हातोड्याने, हळूहळू. यंत्र लावलं की दगडाच्या कडा गेल्या. आणि जुना चुना तपासून त्यातली वाळू कुठली, प्रमाण काय हे काढून तसाच मिळवावा लागतो. आपल्याकडे घाण्यात चुना मळणारे कारागीर आता शोधावे लागतात, तिथेही दगडकामाची माणसं हीच रड सांगतात.

जाता जाता, धागाकर्ते, मनोऱ्यांबद्दल लिहा. बऱ्याच ठिकाणी मनोरे उतरवलेत असं वाचलंय.

चालता_बोलता

@चुनखडी, हा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. "शेवटी पीडब्ल्यूडी सगळीकडे सारखीच" असं म्हणाले.

हो, मनोरे. डॅलसचं जुनं लाल कोर्टहाउस (१८९२, लोक त्याला 'ओल्ड रेड'च म्हणतात) बघा. त्याचा घड्याळ-मनोरा १९१९ला उतरवला, कारण तो धोकादायक होईल अशी भीती होती. पुढची पंच्याऐंशी-नव्वद वर्षं ती इमारत टोपी हरवलेल्या हवालदारासारखी उभी. मनोरा पुन्हा चढला तो २००७ला. इतर काउंट्यांत मनोरे गळती, डागडुजीचा खर्च किंवा नुसतं 'आधुनिक दिसायला हवं' म्हणून गेले. आत दोन मजली उंच कोर्टरूमच्या मध्यावर खोटं छत टाकलं, वर फायली कोंबल्या, आणि प्रत्येक खिडकीत एसीचा खोका.

१९९८मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशनने सर्वांत धोक्यातल्या अकरा ठिकाणांच्या यादीत टेक्सासची सगळी कोर्टहाउसं एकगठ्ठा घातली. एखादी इमारत नाही, अख्खं गोत्र. लाज वाटली असेल किंवा निवडणूक जवळ असेल, पण १९९९ला गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या काळात राज्याने खास योजना काढली आणि सुरुवातीलाच पाच कोटी डॉलर ठेवले. राज्य मोठा वाटा देतं, काउंटीनेही आपले पैसे घालायचे. आजवर सत्तरहून जास्त कोर्टहाउसं पूर्ण दुरुस्त झाली. शिवाय कायदा असा की कोर्टहाउस पाडायचं किंवा त्याच्या रूपाला धक्का लागेल असं काही करायचं तर राज्याच्या ऐतिहासिक आयोगाला सहा महिने आधी कळवावं लागतं.

माझं मत विचाराल तर पैशांपेक्षा त्या योजनेतलं एक धोरण मोठं वाटतं: इमारत कचेरी म्हणूनच वापरात राहावी याकडे कल. संग्रहालय केलं की पहिल्या वर्षी गर्दी, मग एक तिकीटवाला आणि दोन कबुतरं. कर भरायला, लग्नाचा परवाना काढायला माणूस रोज आत-बाहेर करत असेल तर गळणारं छप्पर आठवड्यात कोणाच्या तरी डोक्यावर टपकतं आणि बोंब होते.

अश्विनी_मकिनी

इथे थोडी असहमत. आमच्या मकिनीचं जुनं कॉलिन काउंटी कोर्टहाउस १९७९मध्ये काउंटीने सोडलं, पुढे कित्येक वर्षं ते धड वापरात नव्हतं. २००६पासून ते कलाकेंद्र आहे. जिथे न्यायाधीश बसायचा तिथे आता रंगमंच, प्रेक्षक जुन्या कोर्टरूममध्येच बसतात. चौक संध्याकाळी गजबजलेला असतो. कॉलिन काउंटीची लोकसंख्या दहा लाखांच्या वर गेली, एवढ्या लोकांचे खटले त्या इमारतीत चालणारच नव्हते. कचेरीच राहिली पाहिजे हा हट्ट लहान काउंटीला ठीक आहे.

चालता_बोलता

@अश्विनी_मकिनी, मान्य. माझ्या सात कचेऱ्यांत मोठी काउंटी एकच होती, म्हणून तसं वाटलं असेल.

कोरडा_ओढा

सगळे कमानी आणि चुन्याबद्दल बोलताय. त्या दोन मजली कोर्टरूमला गॅलरी असते ना, ती पुन्हा 'मूळ रूपात' आणतात. दक्षिणेत त्या गॅलरीत कोणाला बसवायचे? काळ्या लोकांना. खाली जागा रिकामी असली तरी. वेको शहरातलं मॅकलेनन काउंटीचं कोर्टहाउसही तुमच्या गॉर्डनचंच. १९१६मध्ये तिथे जेसी वॉशिंग्टन नावाच्या सतरा वर्षांच्या काळ्या मुलाचा खटला चालला. ज्यूरीने काही मिनिटांत दोषी ठरवलं आणि जमावाने त्याला कोर्टरूममधूनच ओढून नेऊन भर शहरात जाळून मारलं. हजारो लोक बघत होते. फोटो काढून त्याची पोस्टकार्डं विकली. नक्षीकाम बघताना हेही बघावं.

खवट_खोबरे

झालं. प्रत्येक धाग्यात हे आणायलाच हवं का? इमारतीचा काय दोष?

मिरजेची_मी

@खवट_खोबरे, इमारतीचा दोष नाही म्हणूनच इमारतीला सांगू द्या की. मिसिसिपीत सम्नर गावाचं टॅलहॅची काउंटी कोर्टहाउस आहे. १९५५मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाच्या खुन्यांना तिथल्या ज्यूरीने निर्दोष सोडलं. गावाने ती कोर्टरूम दुरुस्त करताना मूळ बांधकामाच्या वेळचं वैभव आणलं नाही, ती १९५५मध्ये होती तशी केली. २०२३पासून ती राष्ट्रीय स्मारकाचा भाग आहे. मला तर हा निर्णय कुठल्याही मनोऱ्यापेक्षा धाडसी वाटतो. कुठल्या सालापर्यंत मागे जायचं, हे कोणीतरी ठरवतंच ना?

चालता_बोलता

@कोरडा_ओढा, वेकोबद्दल मी लिहायला हवं होतं. गॉर्डनची यादी करताना ते नाव मुद्दाम नाही, पण सोयीने गाळलं गेलं, हे कबूल.

गॅलरीचा प्रश्न आम्हालाही पडला होता. वर चढून बसलो. तिथून न्यायाधीशाचं आसन फार सुंदर दिसतं. बाबा म्हणाले, आमच्या कोर्टात पूर्वी काही साक्षीदार पायरीच्या आत येत नसत, बाहेरूनच पुकार झाला की 'हजर' म्हणायचे. पुढे काही बोलले नाहीत.

दुसऱ्या बाजूची एक जागाही सांगतो. ऑस्टिनच्या उत्तरेला जॉर्जटाउन, विल्यमसन काउंटी, कोर्टहाउस १९११चं. राउंड रॉक, सीडर पार्कवाले मराठी लोक रोज शेजारून जातात. १९२३मध्ये तिथे डॅन मूडी या तिशीच्या सरकारी वकिलाने कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेच्या लोकांना मारहाणीबद्दल शिक्षा करवून दाखवली, तीही क्लॅन ऐन भरात असताना. पुढे तो गव्हर्नर झाला. २००७मध्ये इमारत दुरुस्त केली तेव्हा आधी काढून टाकलेले कठडे आणि त्रिकोणी माथे पुन्हा बसवले.

आडवाट

अवांतर: वॉक्साहॅचीच्या खांबांवर दगडी चेहरे आहेत ते बघितले का? आख्यायिका अशी की दगड कोरणारा कारागीर घरमालकिणीच्या नातीच्या प्रेमात पडला. आधीचे चेहरे देखणे, तिचे. तिने नकार दिला तसतसे चेहरे वाकडे होत गेले, शेवटी राक्षसच.

चालता_बोलता

बघितले. इतिहासकार ती गोष्ट मानत नाहीत. रोमनेस्क, म्हणजे या गोल कमानींच्या शैलीत असले विचित्र चेहरे असतातच. पण गाव ती गोष्ट सोडायला तयार नाही, आणि मीही असतो तर सोडली नसती.

मिरजेची_मी

अय्या, ही तर आपल्या मुंबई हायकोर्टाची गोष्ट! फुलर साहेबाने बांधलेलं, १८७८चं. तिथे खांबावर एक डोळा झाकलेलं माकड हातात तराजू घेऊन बसलंय, आणि वकिलाच्या गळपट्ट्यातला कोल्हा आहे. म्हणे एक पारशी कंत्राटदार खटला हरला आणि त्याने दगडात सूड उगवला. खरंखोटं देव जाणे, पण माकड मात्र आहे.

चुनखडी

आणि आता हायकोर्टाचं नवं संकुल वांद्र्याला व्हायचंय. माकड फोर्टातच राहणार. त्या इमारतीत पुढे काय चालणार हा धागाकर्त्यांचाच प्रश्न. २०१८पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे म्हणून पाडणार नाहीत, पण वापर?

वाचनमात्र

आगीचं सुरुवातीला लिहिलंत, हल्ली तरी थांबल्या का?

चालता_बोलता

नाही ना. हिल्सबरोचं हिल काउंटी कोर्टहाउस १ जानेवारी १९९३ला पेटलं, मनोरा आतल्या आत कोसळला. उरल्या दगडी भिंती. शेजारच्या अ‍ॅबट गावचा गायक विली नेल्सन याने मदतीसाठी गाण्याचा कार्यक्रम केला. १९९९ला कोर्टहाउस पुन्हा उभं. पूर्वेला न्यूटन काउंटीचं २०००मध्ये जळलं, ते पुन्हा उघडायला २०१२ उजाडलं. दोन्ही ठिकाणी जुने फोटो आणि उरलेल्या भिंती बघून रचना केली. खवटराव आता म्हणतील, मग ती जुनी कशी?

खवट_खोबरे

म्हणणारच होतो. पण परवा गल्लीतला वाडा उतरवायला सुरुवात झाली. तुळया वेगळ्या काढून ठेवल्यात, विकायला. त्यामुळे सध्या गप्प आहे.

अश्विनी_मकिनी

चालता_बोलता, बाबा आहेत तोवर मकिनीच्या चौकात कट्टा करायचा का? रविवारी दुपारी चार. बाहेर बाकं आहेत, सावली आहे.

चालता_बोलता

बाबांना विचारलं. ते म्हणाले, रविवारी कचेरी बंद असते, कामाच्या दिवशी ठेवा.

अश्विनी_मकिनी

ती आता कचेरी नाहीये, सांगा त्यांना!

चालता_बोलता

सांगितलं. "मग नाटक असेल त्या दिवशी ठेवा," म्हणतायत. तिकिटं बघते का?